शांतलूचा पॅगोडा: ना देऊळ, ना क्रांतीतून वाचलेला चमत्कार

एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. फोटोत तळ्याकाठचा सात मजली दगडी पॅगोडा, आणि खाली मजकूर असा की फ्रान्समधे आंबुआझजवळ शांतलूचा भव्य राजवाडा होता, राज्यक्रांतीत खवळलेल्या शेतकऱ्यांनी तो मालकासकट जाळला, पण शेजारच्या चिनी देवळाला पवित्र म्हणून कोणी हात लावला नाही. फोटो खरा आहे, बाकी सगळा गोंधळ.

मालकाचं आधी बघू. ड्यूक द श्वाजल, पंधराव्या लुईचा बडा मंत्री, 1785 मधेच वारला, क्रांतीच्या चार वर्षं आधी, तेही मागे भलंमोठं कर्ज ठेवून. त्याला जाळणार कोण आणि कसं?

राजवाडा तर जळलाच नाही. क्रांतीत जप्त झाला हे खरं, आतलं सामान गेलं, त्यातली काही चित्रं आणि फर्निचर आज जवळच्या तूर शहराच्या म्युझियममधे आहे, पण इमारत उभी होती. 1802 मधे ती शापतालने घेतली. हा केमिस्ट आणि वर नेपोलियनचा गृहमंत्री, त्याने तिथल्या जमिनीत बीट लावून साखर काढली कारण इंग्रजांशी युद्ध चालू आणि उसाची साखर फ्रान्सला पोचेना (कोल्हापूर-सांगलीवाल्यांनी हा माणूस वाचण्यासारखा आहे). पुढे पोराने कर्ज करून ठेवलं, इस्टेट विकावी लागली आणि 1823 मधे पाडकामाचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी राजवाडा उतरवून दगड-लाकूड विकून टाकलं. जमाव नाही, मशाली नाहीत, सरळ धंदा.

आता देऊळ. तिथे पूजा कधी झालीच नाही हो. 1770 च्या डिसेंबरात राजाने श्वाजलला मंत्रिपदावरून काढून शांतलूला धाडलं, आणि नावडत्या मंत्र्याला भेटायला जाणं म्हणजे राजाचा रोष ओढवून घेणं, तरी लोक जातच राहिले. 1774 मधे राजा गेला, बंदी उठली, मग श्वाजलने 1775 ते 78 मधे हा 44 मीटरचा मनोरा बांधला आणि आत संगमरवरावर त्या भेटायला आलेल्यांची नावं कोरली. थोडक्यात, दोस्तांचे आभार. आणि जाता जाता राजाला टोमणा, असं माझं मत.

चिनी म्हणाल तर नुसता आकार. आर्किटेक्ट फ्रेंच, ल काम्यू, खालचे खांब चक्क ग्रीक-रोमन थाटाचे, आणि अशा पॅगोड्यांची हौस तेव्हा युरोपभर होती, लंडनजवळ क्यूचा पॅगोडा 1762 मधेच उभा राहिला होता.

मग हाच कसा वाचला? लुई-फिलिपने, जो पुढे 1830 मधे राजा झाला, तो विकत घेतला म्हणून. श्वाजलनंतर शांतलू लुई-फिलिपच्या आईच्या वडिलांकडे होतं, तेव्हा आजोळच्या इस्टेटीतला निदान हा तुकडा तरी पाडणाऱ्यांच्या हातातून सुटला.