सुट्टीतली खिचडी

नाशिकच्या पंचवटी कारंजाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा चहा येण्याआधीच वाद पेटला : शाळेतले मोफत जेवण उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्यावे का? पेठ तालुक्यात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले गुरुजी सांगत होते, की जूनमध्ये शाळा उघडली की त्यांच्या वर्गातली एक मुलगी स्वतः जेवून झाल्यावर डब्यात खिचडी इतकी दाबून भरायची, की झाकण लागत नसे. घरी धाकटा भाऊ होता.

"मग सुट्टीचा तांदूळ पालकांच्या हाती द्या, कोरोनात दिलाच होता की," असे रेशन दुकान चालवणारे नाना म्हणाले. त्यावर हिशेब मी मांडला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे चाळीस दिवसांचे चार किलो. सहा माणसांच्या घरात एवढा तांदूळ दोन-तीन दिवसांत संपतो आणि त्यात दोष कोणाचाच नाही, कारण कोणती आई एकाच लेकराचे ताट वेगळे वाढेल? शाळेत शिजलेले अन्न मात्र मुलाच्याच पोटात जाते (डब्यातली खिचडी सोडून).

बँकेतल्या मित्राने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यावर बोट ठेवले : रोज एक मोफत जेवण, पण शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. गुरुजींनी लगेच आठवण करून दिली, की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्येच दिला आहे.

"म्हणजे पाऊस पडला तर पोराला भूक लागत नाही?" नानांचा हा प्रश्न वरवर थट्टेचा, पण नेमका होता. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो कोसळतो. तरी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतले काम संपवून परतलेली कुटुंबे मे महिन्यात विहिरीचा तळ आणि रिकामी कणगी बघत बसतात. जेवण दुष्काळाच्या यादीला बांधले, तर नेमकी हीच मुले सुटतात, असे माझे मत आहे.

"पण शिजवणार कोण?" बँकेतला म्हणाला. स्वयंपाकी-मदतनीस बाईंना मानधन वर्षातले दहाच महिने मिळते.

"गावातलीच बाई असते, बोलावले तर येईल," गुरुजी म्हणाले.

"फुकट?" नानांनी विचारले.

मग कागदावर तांदळाच्या ओळीच्या वर मी त्या उरलेल्या दोन महिन्यांचे मानधन लिहिले, आणि नानांनी त्याखाली गॅसचा आकडा घालायला सांगितला.