पाच पार्ट लावा अन् राजदूत 350 मधून 45 बीएचपी काढा म्हणे!

एकाच आठवड्यात चार जणांनी मला तोच मेसेज पाठवला. मजकूर साधारण असा: जुन्या राजदूत 350 ला (म्हणजे यामाहाच्या आरडी 350 ची इथे बनलेली आवृत्ती, आपली 'आरडी') सत्तरच्या दशकातली रेसची ताकद परत द्यायची असेल तर फक्त पाच कामं करा. एक्सपान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला रेसचा सायलेन्सर) बसवा, एअर फिल्टर काढून फेका, हेड एक मिमी फेस करून (लेथवर घासून) घ्या, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट काढून सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) टाका, ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्ये कॅस्टर ऑइल मिसळा. 45 बीएचपी गॅरंटीड, कारण 'त्या काळी रेसवाले हेच करायचे'. आणि खाली तळटीप, शिसंवालं पेट्रोल बंद झालंय तर ॲडिटिव्ह टाकायला विसरू नका.

तळटीप आधी उडवून टाकतो, ती सोपीये. पेट्रोलमधल्या शिशाचे दोन उपयोग, एक ऑक्टेन वाढवणं आणि दुसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा जपणं, आणि ती ॲडिटिव्हची बाटली विकली जाते ती ह्या दुसऱ्या भीतीवर. आता राजदूत टू स्ट्रोक, तिच्यात मला व्हॉल्व्हची सीट शोधून दाखवा. नाहीच्चे. आरडीत रीड व्हॉल्व्ह आहेत पण ते कार्बोरेटरच्या बाजूला पातळ पत्र्या आहेत, त्यांना शिशाशी काही घेणंदेणं नाही.

आता चेंबर. हा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच जास्त घातक. मूळ जपानी आरडी 350 होती 39 हॉर्सपॉवरची. एस्कॉर्ट्सने 1983 ला इथे काढली ती 30.5 ची, जिला आपण एचटी (हाय टॉर्क) म्हणतो, आणि नंतरची एलटी (लो टॉर्क) 27 ची. ही ताकद मायलेजपायी मुद्दाम दाबलेली, तेव्हा इंजिनात अजून जागा आहे हे खरंच. 45 सुद्धा अशक्य नाही, बाहेर रेसवाल्यांनी आरडीतून त्याहून जास्त काढलेत. पण चेंबर म्हणजे काय सायलेन्सरच्या जागी लावायचा भोंगा नव्हे. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं धूर बाहेर जायचं भोक) उघडला की दाबाची लाट पाइपात धावते, रुंद होत जाणाऱ्या कोनात तिचा एक भाग उलटा, ओढणारा होऊन येतो आणि सिलिंडर रिकामा करतो, मग शेवटच्या निमुळत्या कोनावर आपटून दुसरी लाट परत येते आणि पोर्टातून बाहेर पळू बघणारं ताजं मिश्रण आत ढकलते, तेही पोर्ट बंद व्हायच्या ऐन आधी. 8000 आरपीएमला क्रँकचा एक अख्खा फेरा साडेसात मिलिसेकंदांत होतो, त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ एक्झॉस्ट पोर्ट उघडा. एवढ्यात लाटेने जाऊन वेळेवर परत यायचंय. म्हणजे पाइपाची लांबी, पोर्टाची उंची आणि कुठल्या आरपीएमला ताकद पाहिजे, ह्या तिन्हींचं गणित एकत्रच बसतं, एक बदललं की बाकी दोन हलतात. हे सगळं पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडनने घासून घासून बसवलं, आणि 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून पळाला तो ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. चोरायच्या लायकीची ती विद्या होती, वाकवलेला पत्रा नाही.

मग लोक काय करतात, तर बाहेरच्या, पोर्ट घासून बदललेल्या आरडीसाठी काढलेल्या चेंबरची मापं उतरवतात, लोकल वेल्डरकडून तसाच पाइप वळवून घेतात आणि आपल्या न मोजलेल्या बॅरलला लावतात. आवाज येतो, खालची ओढ जाते, वर ताकद येते ती भलत्याच ठिकाणी. आधी डिग्री व्हील (क्रँकला लावायची अंशांची चकती) लावून आपले पोर्ट कधी उघडतात कधी मिटतात ते तरी बघा हो. आणि टीझेड 350 ची, म्हणजे यामाहाच्या रेसच्या गाडीची, पोर्टची मापं तर आरडीला लावूच नका. टीझेड साठेक हॉर्सपॉवर काढायची हे खरं, पण ती पाण्याने थंड होणारी आणि पिस्टन पोर्टची (आत यायचं भोक पिस्टननेच उघडायचं-मिटायचं), तिला रीड नव्हतेच, आत येण्याचं टायमिंग मुळातच वेगळं.

फिल्टर काढायचं म्हणे. मद्रासजवळच्या शोलावरमची रेसची धावपट्टी आणि आपला पुण्यातला हडपसरचा रस्ता ह्यात फरक आहे की नाही? फोर स्ट्रोकमध्ये धूळ निदान थेट क्रँककेसमध्ये उतरत नाही, इथे तोच तिचा रस्ता, कनेक्टिंग रॉडच्या बिगएंड बेअरिंगच्या सुयांवरून आणि मेन बेअरिंगांवरून. शिवाय फिल्टर काढला की हवा वाढते, पेट्रोल मोजून सोडणारा कार्बोरेटरचा जेट तोच राहतो, मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या पोटात ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट आज आणखी लीन चालतो. म्हणजे 1985 सालचं रेस सेटिंग कुणी वहीत लिहून ठेवलेलं असलं तरी ते आजच्या पेट्रोलला लागू नाही. मेन जेट मोठा घेऊन सुरू करा आणि प्लग वाचत खाली या, उलटं कधीच नको. पांढरा प्लग दिसला, म्हणजे मिश्रण लीन, की घरी जायचं.

हेड फेस करणं. 64 मिमी बोअर, एक मिमी उडवलं तर जास्तीत जास्त सव्वातीन सीसी जागा गेली, एका 173 सीसीच्या सिलिंडरच्या इवल्याशा कंबश्चन चेंबरमधून हे फार आहे. रेसवाले हेड फेस करायचेच, पण मग स्क्विशचा (पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो तो) कडेचा पट्टा पिस्टनच्या डोक्याच्या ढाळाला जुळवून परत कापायचे. डीजी ह्या अमेरिकन कंपनीची हेडं त्या काळी विकत मिळायची ती ह्याचसाठी. आपल्याकडे लेथवाला सरळ चाल मारतो आणि झालं. घरी तपासायला सोपंय, सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टनच्या कडेपर्यंत सारायची, किक हाताने दाबून इंजिन फिरवायचं आणि चपटी झालेली तार व्हर्नियरने मोजायची. मिमीच्या बरंच खाली गेलं तर पिस्टन कधीतरी हेडला भेटणार, आणि जास्त असून कॉम्प्रेशन वाढलेलं असलं तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप धडाक्याने फुटणं. पिस्टनची कड वाळवीने खाल्ल्यासारखी दिसली की समजा.

पॉइंटबद्दल फार भांडत नाही. सीडीआय चांगलंच, टीझेडला कारखान्यातूनच होतं, तेव्हा 'काळाला धरून नाही' म्हणणारेही चूकच. पण त्याने हॉर्सपॉवर वाढत नाही, टायमिंग जागेवर राहतं एवढंच. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं, आणि इथे दोन सिलिंडरना दोन वेगळे पॉइंट म्हणजे दोन्ही वेगवेगळे सरकणार. डायल गेज लावून दर हजार-दीड हजार किलोमीटरला बघत असाल तर पॉइंटवर आरडी मस्त चालते.

ऑइल पंप मात्र रस्त्यावरच्या गाडीचा बंद करू नका, हात जोडून सांगतो. रेसमध्ये काढायचे कारण तिथे रायडरचा थ्रॉटल एकतर पूर्ण उघडा असतो नाहीतर तो ब्रेकवर असतो. आपण ताम्हिणी घाट उतरतो, थ्रॉटल बंद, इंजिन चार-पाच हजारांवर फिरतंय. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. ऑटोल्यूब, म्हणजे गाडीचा मूळ ऑइल पंप, क्रँकवर चालतो, थोडंथोडं देत राहतो. आणि कॅस्टर! वास स्वर्गीय, कबूल, माझाही जीव त्यात अडकतो. पण ते साध्या मिनरल ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, उभ्या गाडीत तळाशी बसतं आणि रिंगांच्या खोबणीत डिंक करतं. रेसवाले रेस झाली की इंजिन उघडायचे. तुम्ही उघडता का?

आता जे त्या मेसेजात नाहीच ते, आणि माझा खरा राग तिथे आहे. अख्ख्या यादीत क्रँक नाही. माझी गाडी एकदा खंबाटकीच्या पुढे सीझ झाली, डावा सिलिंडर. सगळ्यांनी नवीन बसवलेल्या चेंबरला शिव्या घातल्या, मीही. मेकॅनिकने बॅरल रिबोर केला, पिस्टन नवा टाकला, दोनशे किलोमीटरला परत तेच, परत डावाच. आरडीचे दोन्ही सिलिंडर म्हणजे दोन वेगळी इंजिनं, खालच्या खोल्याही वेगळ्या. उजवीकडचं क्रँक ऑइल सील गेलं तर ते गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, गाडी धूर ओकते, गल्लीला कळतं. डावीकडचं सील मॅग्नेटच्या बाजूचं, कोरडं. ते गेलं की गुपचूप हवा ओढतं आणि मिश्रण लीन होतं, धूर नाही, काही नाही, उलट सीझ व्हायच्या आधी गाडी दोन दिवस भारी पळते.

शेवटी आईचं बीपी मोजायचं यंत्र घेतलं. एक्झॉस्ट आणि इनटेक जुन्या ट्यूबच्या रबराने बंद केले, प्लगच्या भोकातून दाब दिला 300 मिमी पाऱ्यापर्यंत, म्हणजे सहा पीएसआयला थोडं कमी, आणि घड्याळ लावून बसलो. सहा मिनिटं टिकायला हवं. उजवीकडचा काटा हलला नाही. डावा दीड मिनिटात 200 वर, आणि सीलपाशी साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. नाना पेठेतून सीलची जोडी आणली, क्रँक काढलाच होता तर ट्रू (सरळ) करून घेतला, चेंबर तेच ठेवले. त्यानंतर डावा सिलिंडर उघडावा लागलेला नाही.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एक जण रविवारी गाडी घेऊन येतोय, चेंबर आधीच बसवलेत म्हणाला. त्याला सांगितलंय, चेंबर काढून ये, आणि येताना सायकलची फाटकी ट्यूब आण, माझी संपलीये.