पहिली सही, दुसरी सही : गोव्याच्या कायद्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पोर्तुगीज काळापासून गोव्यात चालत आलेल्या लग्न, मिळकत आणि वारशाच्या कायद्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुमचा एक मुद्दा पटला, म्हणून आधी तोच घेतो. "गोव्यात सगळ्या धर्मांना एकच कायदा" असं मी मागच्या लेखात ठोकून दिलं होतं. ते चुकलंच. 1880 च्या पोर्तुगीज हुकूमनाम्यात हिंदूंच्या रूढींसाठी वेगळी सोय आहे. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशी उलटेपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची मुभा. वाचतानाही लाज वाटते. चर्चमध्ये लागलेलं लग्न रद्दबातल ठरवायची वाटही इतरांपेक्षा वेगळी. तेव्हा 'समान' हा शब्द मागे घेतो.

पण "पोर्तुगीज गेले, गुलामी राहिली, हा कायदा मांडवीत बुडवा" हे काही पटत नाही. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, म्हणजे हाच कायदा, तब्बल 2538 कलमांची, गोव्यात 1 जुलै 1870 पासून लागू झाली. खुद्द पोर्तुगालने ती केव्हाच टाकून दिली, 1967 पासून तिथे नवी संहिता आहे. आपण मात्र जुनीच वापरतो. ती राहिली कोणाच्या जोरावर? 1962 मध्ये आपल्या संसदेने कायदा केला की बदल होईपर्यंत गोव्यातले चालू कायदे तसेच राहतील. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं की हा आता भारतीय कायदा आहे. म्हणजे त्यातल्या बऱ्यावाईटाचं उत्तर आता लिस्बनला नव्हे, आपल्यालाच द्यायचंय.

बरं, बुडवायचं तर नेमकं काय? आमच्याकडे लग्न म्हणजे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे 'पहिली सही', मग थोड्या दिवसांनी 'दुसरी सही'. मांडवात अक्षता पडल्या तरी दुसरी सही झाल्याशिवाय कायद्याच्या लेखी लग्न झालेलं नसतं. आणि आधी वेगळा करार केला नसेल, तर त्या सहीनंतर दोघांची मिळकत एकत्र होते, निम्मी तिची, निम्मी त्याची.

आजोबा गेले तेव्हा आजोळच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये वाटणी करायची कायदेशीर प्रक्रिया, झाली. निम्मं घर आजीचं, ते वारशात आलंच नाही. आजोबांच्या निम्म्यातल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येत होतं, उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा हक्क, कोणालाही वगळता येत नाही. मोठ्या मामाला वाटत होतं की मावश्या लग्न होऊन गेल्या, त्यांना भांडी-दागिने दिले की झालं. वकिलाने कागद पुढे सरकवला : तीन मावश्या, आई, दोन मामा, सगळे सारखे, शिवाय प्रत्येकाच्या नवऱ्याबायकोची सही. मुंबईहून एका मावसोबांना केवळ सहीसाठी बोलावलं, ते चार दिवस मासे खाऊन गेले. शेवटी घरासाठी वारसांमध्येच बोली लागली आणि घर धाकट्या मावशीने घेतलं. मामा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. बाकी देशात, काही राज्यं सोडली तर, हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा मिळायला 2005 उजाडावं लागलं, हेही लक्षात असू द्या.

मग सगळं गोड का? अजिबात नाही. दोघांच्या मिळकतीचा कारभार संहितेने नवऱ्याच्या हाती दिला, बायकोच्या संमतीशिवाय जमीन-घर विकता येत नाही एवढाच लगाम ठेवला. आणि भाषा! अधिकृत इंग्रजी भाषांतर राजपत्रात आलं ते 2018 मध्ये. तोवर पोर्तुगीज न येणाऱ्याने आपलाच कायदा वकिलाच्या तोंडून ऐकायचा. तुम्हाला चिडायचंच असेल तर याच्यावर चिडा, मी साथ देईन. वारशाचा भाग राज्याने 2012 च्या कायद्यात नव्याने लिहिला, तो 2016 च्या डिसेंबरपासून लागूही झाला. बुडवण्यापेक्षा असं एकेक प्रकरण नव्याने लिहिणं मला जास्त जमण्यासारखं वाटतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, मूळ गोव्याच्या माणसाची खोली मुंबईत असेल तर काय? माणूस गोव्याचा अधिवासी असेल, तर त्या खोलीचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरेल. 2019 चा तो निकाल मुंबईतल्या मिळकतीवरूनच निघाला होता. नुसतं आडनाव गोव्याचं असून मात्र भागत नाही.