तो जायंट रोबोट नव्हे आणि तो मुलांचा सिनेमाही नव्हे

व्हॉट्सॲपच्या गटांमधून सध्या एक निरोप फिरतो आहे. वर दोन रोबोटांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावलेली असून खाली मजकूर असा आहे: ‘आपल्या लहानपणी दूरदर्शनवर लागणारा जायंट रोबोट परत आला! हे रोबोट जपान्यांनी ट्रान्सफॉर्मर्सची नक्कल करून बनवले होते, आता आपल्याच जुन्या मालिकेची टर उडवणारा विनोदी सिनेमा त्यांनी काढला आहे. अगदी स्वच्छ करमणूक, मुलांना सुट्टीत जरूर दाखवा.’ एरवी असे निरोप मी न वाचताच पुसून टाकतो. पण माझ्या थोरल्या बहिणीने यावर विसंबून आठ वर्षांच्या भाच्यासाठी चित्रपट मिळवण्याची खटपट सुरू केली, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही.

पहिल्या दाव्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात दिसलेला जायंट रोबोट ही तोएई कंपनीची 1967-68 सालची सव्वीस भागांची मालिका, मित्सुतेरु योकोयामा यांच्या चित्रकथेवर बेतलेली. तिच्यात एक मुलगा मनगटावरच्या घड्याळातून अवाढव्य रोबोटला आज्ञा देत असे. निरोपातले दुसरे छायाचित्र मात्र झाबोर्गरचे आहे. ‘देन्जिन झाबोर्गर’ ही पी प्रॉडक्शन्सची मालिका फुजी टीव्हीवर एप्रिल 1974 ते जून 1975 या काळात चालली आणि तिचे बावन्न भाग झाले. दाइमोन युताका हा कराटेपटू तरुण तिचा नायक. त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी बनवलेली मोटारसायकल उभी राहून माणसाएवढा रोबोट होते आणि त्याच्या बरोबरीने हाणामारी करते. कंपनी वेगळी, दशक वेगळे, रोबोटचा आकारसुद्धा वेगळा. ज्या विनोदी चित्रपटाविषयी निरोप बोलतो, तो 2011 सालचा आहे आणि तो या झाबोर्गरवर आहे.

नकलेचा दावा तर सनावळीपुढे एक क्षणही टिकत नाही. ट्रान्सफॉर्मर्स ही रूप बदलणाऱ्या रोबोटांची खेळणी 1984 साली बाजारात आली, म्हणजे झाबोर्गर पडद्यावर येऊन गेल्यानंतर नऊ-दहा वर्षांनी. शिवाय अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती खेळणी मुळात जपानच्या ताकारा कंपनीकडून घेतली होती. ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या ताकाराच्या मालिकांतले साचेच नव्या नावाने विकले गेले. पॉवर रेंजर्सची गोष्टही तीच: 1993 च्या त्या अमेरिकी मालिकेत तोएईच्या 1992 च्या मालिकेतली मारामारीची दृश्ये जशीच्या तशी वापरलेली होती. निरोप लिहिणाऱ्याने बाप आणि लेक यांची अदलाबदल केली आहे.

आता जुन्या मालिकेची टर उडवल्याच्या आरोपाकडे वळतो. हा आरोप चित्रपट न पाहता केलेला आहे, किंवा पाहिला असल्यास शेवटची नामावली सुरू होताच बंद केलेला आहे, असे मी ठामपणे म्हणतो, कारण उत्तर त्या नामावलीतच आहे. दिग्दर्शक नोबोरू इगुची यांनी तेथे मूळ मालिकेतली दृश्ये दाखवली आहेत, आणि चित्रपट पाहताना जे प्रसंग दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालेला आचरटपणा वाटले होते, त्यांतले कितीतरी 1974 साली मुलांना पूर्ण गांभीर्याने दाखवले गेले होते, हे तेव्हा लक्षात येते. झाबोर्गरचे डोके उघडून त्यातून छोटे हेलिकॉप्टर टेहळणीला उडते, पायातून चिमुकली गाडी बाहेर पडते. हे सर्व मूळचेच आहे. इगुची यांचा जन्म 1969 चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ते पाच वर्षांचेही नव्हते. ज्या वयात हेलिकॉप्टर डोक्यात का ठेवले असा प्रश्न पडत नाही, नेमके त्या वयाचे. मोठेपणी हेच सारे जसेच्या तसे, अधिक खर्च करून पडद्यावर आणले की हसू आपोआप येते आणि त्यासाठी कोणाचा अपमान करावा लागत नाही.

अभिनयाकडे पाहिले तरी हेच दिसते. मध्यमवयीन दाइमोनचे काम करणारे इत्सुजी इताओ हे पेशाने विनोदवीर, परंतु येथे ते एकदाही प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारत नाहीत. खलनायक डॉ. अकुनोमिया यांच्या भूमिकेत अकिरा एमोतो आहेत, ज्यांना अभिनयासाठी जपान अकादमीचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेला आहे; तेही ही भूमिका तितक्याच गंभीरपणे करतात. चित्रपटाचा पूर्वार्ध तरुण नायकाचा आहे, उत्तरार्धात कथा पंचवीस वर्षे पुढे जाते. जगाला आता नायकाची गरज उरलेली नाही, त्याची नोकरी गेली आहे आणि शरीर थकले आहे. मालिका संपल्यावर तिचा नायक पोट कसे भरत असेल, हा प्रश्न टर उडवणाऱ्याला पडत नाही. तो मालिकेवर जीव लावलेल्यालाच पडतो. (तरुण नायकाच्या भडक आवेशामुळे पूर्वार्ध मला थोडा लांबलेला वाटला, पण ती तक्रार निराळी.)

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागेल. चित्रपटातला सगळाच विनोद मूळ मालिकेतून आलेला नाही. शत्रुपक्षातली मिस बोर्ग ही यंत्रस्त्री मूळ मालिकेतही होती. मात्र नायकाशी तिचे जे शारीरिक प्रेमप्रकरण चित्रपटात रंगवले आहे, ते आणि त्याभोवतीचे चावट, ओंगळ विनोद ही सर्वस्वी इगुची यांची भर आहे. जुन्या प्रेक्षकांपैकी कोणाला ते खटकले असेल, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

आणि नेमक्या याच कारणामुळे निरोपातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे. ‘स्वच्छ करमणूक’ हे प्रमाणपत्र देणाऱ्याने दिग्दर्शकाचे आधीचे काम तरी पाहायचे होते. तुटलेल्या हाताच्या जागी मशिनगन बसवून सूड घेणाऱ्या शाळकरी मुलीचा, रक्ताच्या चिळकांड्यांनी भरलेला 2008 सालचा ‘द मशीन गर्ल’ हा चित्रपट याच इगुची यांचा. झाबोर्गर हा चित्रपट निक्कात्सु कंपनीने ‘सुशी टायफून’ या नाममुद्रेखाली काढला आणि ती नाममुद्राच मुळी रक्तपात व आचरटपणा यांच्या शौकीन प्रौढ प्रेक्षकांसाठी होती. त्या मानाने झाबोर्गर सौम्य आहे हे खरे. पण प्रौढांच्या चित्रपटांमध्ये सौम्य असणे आणि आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने बसून पाहण्याजोगे असणे यांत फार अंतर आहे. रोबोट दिसला की सिनेमा मुलांचा, ही समजूत करून घेणारे पालक पहिल्या अर्ध्या तासातच रिमोट शोधू लागतील.

भाच्याला रोबोटच दाखवायचा असेल, तर बहिणीने स्वतः पाहिलेल्या जुन्या जायंट रोबोटचे भाग शोधावेत असे मी तिला सुचवले आहे. तेही शेजारी बसूनच दाखवावेत, कारण त्यातला लहान मुलगा बिनदिक्कत पिस्तूल चालवतो आणि शेवटच्या भागात रोबोट आज्ञा मोडून शत्रूला अंतराळात घेऊन जातो, तो परत येत नाही.