‘अल्मोराविद’ हे घराण्याचे नाव नव्हेच

काही दिवसांपूर्वी एका मराठी मजकुरात ‘अल्मोराविद या बर्बर राजवंशाने स्पेन जिंकला’ असे वाक्य वाचले आणि तेथेच थांबलो. अल्मोराविद म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांत मोरोक्कोतून राज्य करणारी मुस्लिम राजवट, आणि बर्बर म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मूळ रहिवासी. जिंकला तो स्पेनचा मुस्लिम अमलाखालील भाग, साऱ्या स्पेनवर त्यांची सत्ता कधीच नव्हती. पण माझा आक्षेप त्याहून या वाक्यातील शब्दांवर आहे. ‘बर्बर’ हा शब्द मराठी वाचकाला ‘रानटी’ असाच ऐकू येतो, आणि ‘अल्मोराविद’ हा शब्द अब्बासिद किंवा फातिमिद या मुस्लिम राजघराण्यांच्या नावांसारखा, म्हणजे कुणा मूळपुरुषाच्या वंशजांचा वाचक आहे, असे भासते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

‘अब्बासिद’मधला ‘इद’ हा युरोपीय भाषांनी ग्रीकवरून घेतलेला, ‘अमक्याचे वंशज’ असा अर्थ देणारा प्रत्यय आहे. ‘अल्मोराविद’मध्ये असा प्रत्ययच नाही. मूळ अरबी शब्द ‘अल्-मुराबितून’. ‘मुराबित’चे हे अनेकवचन. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्यातील ‘ब’चा ‘व’ झाला, ‘त’चा ‘द’ झाला, आणि ‘अल्’ हे अरबी उपपद शब्दाला कायमचे चिकटून राहिले. त्यांच्यानंतर आलेल्या ‘अल्मोहाद’ राजवटीचेही तसेच आहे. तो शब्द ‘अल्-मुवह्हिदून’, म्हणजे ईश्वराचे एकत्व मानणारे, यावरून आला असून त्यातला ‘द’ धातूचाच आहे.

‘मुराबित’च्या मुळाशी र-ब-त हा बांधण्याचा, जोडण्याचा अर्थ देणारा अरबी धातू आहे. सरहद्दीवर घोडे बांधून सज्ज राहणे, त्यावरून सीमेवरील तटबंदीचा धार्मिक ठाणा म्हणजे ‘रिबात’, आणि अशा ठाण्यात स्वतःला बांधून घेतलेला तो ‘मुराबित’, अशी ही अर्थाची वाट आहे. मोरोक्कोच्या राजधानीचे रबात हे नाव याच शब्दाचे, आणि आपण ‘त्यांच्या घरी माणसांचा सतत राबता असतो’ म्हणतो तो राबताही फारसीमार्गे याच धातूपासून आपल्याकडे आलेला आहे.

हे नाव मिळाले कसे, यावर मात्र मतभेद आहेत. चौदाव्या शतकातील एक बखर सांगते की अब्दुल्लाह इब्न यासीन हा या चळवळीचा संस्थापक धर्मोपदेशक मोजक्या अनुयायांसह एका बेटावर गेला, तेथे त्याने रिबात बांधला, आणि त्यावरून हे लोक मुराबितून झाले. गोष्ट सुरेख आहे, पण 1068 मध्ये, म्हणजे जवळजवळ समकाळात, लिहिणाऱ्या अल्-बकरी या भूगोलकाराच्या ग्रंथात अशा रिबाताचा उल्लेख सापडत नाही. कुराणाच्या तिसऱ्या सूरेच्या शेवटच्या आयतीत ‘राबितू’, म्हणजे ‘ठाम राहा, सज्ज राहा’, अशी आज्ञा आहे. नाव तिच्यावरून पडले असावे, हे मत मला अधिक पटते.

कसेही असले तरी ते नाव पंथाचे होते, कुळाचे नव्हते. चळवळीचा कणा होता बर्बरांच्या सन्हाजा समूहातील लमतूना ही वाळवंटी जमात. इब्न यासीन 1059 मध्ये लढाईत मारला गेला; पुढे याच जमातीतल्या यूसुफ इब्न ताशफीनने मोरोक्कोतील मर्राकेशहून राज्य वाढवले आणि 1086 मध्ये स्पेनमधील जल्लाका येथे कॅस्टाइल या ख्रिस्ती राज्याच्या सहाव्या अल्फोन्सोचा पराभव केला. आपल्याकडे ‘पेशवे’ हे पदाचे नाव भट घराण्याला चिकटले, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच, की तेथे संपूर्ण अनुयायीवर्गाचे नाव एका राजकुळाला चिकटले. समकालीन अरब त्यांना ‘अल्-मुलस्सिमून’, म्हणजे तोंड झाकणारे, असेही म्हणत, कारण या जमातीतले पुरुष लिसाम नावाच्या वस्त्राने चेहरा झाकीत असत. 1147 मध्ये मर्राकेश घेणाऱ्या मुवह्हिदूनांनी (अल्मोहादांनी) तर त्यांना ‘मुजस्सिमून’, म्हणजे ईश्वराला देह चिकटवणारे, असे हिणवले. एकाच लोकांना तीन नावे, आणि प्रत्येक नावात देणाऱ्याचा हेतू दिसतो.

या शब्दाचा सर्वांत मजेदार प्रवास नाण्यांतून झाला. सहारापारच्या व्यापारातून येणाऱ्या सोन्याचे मुराबिती दिनार इतके नावाजलेले होते की त्यांचा ओघ आटल्यावर कॅस्टाइलचा ख्रिस्ती राजा आठवा अल्फोन्सो याने 1170 च्या दशकात तसेच नाणे पाडले. त्यावर क्रूस होता, पण मजकूर अरबीच, आणि त्यात राजाला ‘कॅथलिकांचा अमीर’ म्हटलेले होते! या नाण्याचे नाव ‘मारावेदी’, म्हणजेच ‘मुराबिती’. पुढे सोने गेले, नाणे तांब्यावर आले, नाव मात्र टिकले. कोलंबसाच्या सफरीत प्रथम जमीन पाहणाऱ्याला जाहीर झालेले वार्षिक बक्षीसही 10,000 मारावेदींचेच होते. पश्चिम आफ्रिकेत धर्मगुरूला किंवा पिराला फ्रेंचमधून ‘माराबू’ म्हणतात, तोही हाच मुराबित. मॉरिटेनियाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ आजही अल्-मुराबितून या नावाने ओळखला जातो, आणि 2013 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील साहेल भागातील एका सशस्त्र जिहादी गटानेही हेच नाव घेतले.

आता ‘बर्बर’विषयी. हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे आणि ‘न कळणारी बडबड करणारे’ असा त्याचा ग्रीक इतिहास आहे. ते लोक स्वतःला अमाझिग, अनेकवचनी इमाझिगेन, म्हणवतात; त्यांच्या भाषेला मोरोक्कोने 2011 च्या राज्यघटनेत अधिकृत भाषेचा दर्जा दिला आहे. इंग्रजीत ‘बर्बर’ आणि ‘रानटी’ यांसाठी निदान दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्ही एकच आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा घोटाळा अधिक बोचतो. म्हणून मी स्वतः ‘अल्-मुराबितून ही अमाझिग राजवट’ असे लिहितो, आणि शोधणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून पहिल्या उल्लेखात ‘अल्मोराविद’ कंसात देतो. ‘राजवंश’ हा शब्द मी यूसुफ आणि त्याच्या पुत्रपौत्रांपुरताच राखून ठेवला आहे.