कॅन्ससचं बास्केटबॉल जनकाच्या पुण्याईवर चालत नाही

मार्च आला आणि अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरी सुरू झाली की कॅन्सस विद्यापीठाची एक गोष्ट सोशल मीडियावर हमखास फिरायला लागते. थोडक्यात ती अशी: बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ हाच तिथला पहिला प्रशिक्षक, त्यामुळे जिंकणं या संघाच्या रक्तातच, नॉर्थ कॅरोलायना हा जन्माचा शत्रू, कारण त्यांनी कॅन्ससचा प्रशिक्षक पळवला, शेजारच्या मिसुरी विद्यापीठाशी वैर आहे ते दोन्ही विद्यापीठं यादवी युद्धात एकमेकांशी लढली म्हणून, आणि २०१२ मध्ये मिसुरी दोघांची सामायिक ‘बिग ट्वेल्व्ह’ परिषद (विद्यापीठांचा स्पर्धागट) सोडून घाबरून पळाली, विषय संपला. ऐकायला झकास आहे. पण यातला पहिला प्रशिक्षक तेवढा खरा, बाकीचं एकेक तपासून घ्यावं लागतं.

आधी जनकाचं बघू. नायस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. १८९८ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठाच्या लॉरेन्स गावी आला, पण संघ घडवायला नव्हे. प्रार्थनासभेची व्यवस्था आणि विद्यार्थ्यांचं शारीरिक शिक्षण ही त्याची नोकरी होती. बास्केटबॉल ओघाने आलं. फेब्रुवारी १८९९ मधला पहिलाच सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीएने १६–५ असा मारला. नायस्मिथची एकूण कारकीर्द ५५ विजय आणि ६० पराभवांची. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला मुख्य प्रशिक्षक एकच, आणि तो खेळाचा जनक! त्याला त्याचं सोयरसुतकही नसावं. व्यायाम व्हावा, मुलांना वळण लागावं, एवढ्यासाठी त्याने खेळ काढला होता.

ज्याने खरोखर परंपरा उभी केली तो त्याचा विद्यार्थी, फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन. धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा आवाज, म्हणून हे टोपणनाव. ॲलनला बेकर विद्यापीठात शिकवायचं बोलावणं आलं तेव्हा नायस्मिथ हसून म्हणाला, अरे, बास्केटबॉल शिकवायचं नसतं, नुसतं खेळायचं असतं, असं सांगतात. ॲलनने गुरूचं ऐकलं नाही हे कॅन्ससचं नशीब. तो १९०७ ते १९०९ आणि पुन्हा १९१९ ते १९५६ एवढा काळ तिथे राहिला. १९२७ मध्ये नियम समितीने ड्रिबलवर (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्यावर) जवळजवळ बंदीच आणायचा घाट घातला, तेव्हा प्रशिक्षकांना एकत्र करून त्याने तो हाणून पाडला. प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना त्यातूनच उभी राहिली. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ घेतला जावा म्हणून वर्षानुवर्षं खेटे घातले तेही त्यानेच. १९५२ मध्ये त्याने विजेतेपद आणलं. आज लॉरेन्समध्ये लाकडी मैदानाला नाव नायस्मिथचं आणि ते ज्या इमारतीत आहे तिला ॲलनचं. वाटणी बरोबर आहे.

नायस्मिथच्या मूळ १३ नियमांचे टंकलिखित कागद शेजारच्याच इमारतीत काचेआड आहेत, तेही कुणी वारशाने ठेवलेले नाहीत. २०१० च्या लिलावात एका माजी विद्यार्थ्याने ४३ लाख डॉलर मोजून ते घेतले.

आणि ‘रक्तात जिंकणं’ म्हणणाऱ्यांनी १९५७ चा अंतिम सामना जरूर वाचावा. कॅन्ससकडे सात फुटी विल्ट चेंबरलेन, सामना घराजवळ कॅन्सस सिटीत. समोर नॉर्थ कॅरोलायना, आदल्याच रात्री तीन जादा डाव खेळून दमलेली. सुरुवातीच्या चेंडूउडीसाठी (पंचाने वर उडवलेला चेंडू दोघांपैकी कोण मिळवतो त्यासाठी) त्यांचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी पाठवला टॉमी कर्न्स, पाच फूट अकरा इंच. उडी जिंकणार कोण हे ठरलेलंच होतं. पण मधल्या वर्तुळात विल्टसमोर मान वर करून उभा राहिलेला तो ठेंगणा पोरगा बघून सामन्याचा ताण कुणावर आला असेल? या सामन्यातही तीन जादा डाव झाले. शेवटचे सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले, विल्टकडे येणारा शेवटचा पास अडवला गेला, ५४–५३. सत्तरी गाठली म्हणून नियमाने ॲलनला आदल्या वर्षीच घरी बसवलं होतं; ज्या विल्टला त्याने आणलं, त्याला अधिकृत सामन्यात खेळवायची पाळी त्याच्यावर आलीच नाही.

नॉर्थ कॅरोलायनाने प्रशिक्षक ‘पळवला’ ही तक्रार मला नेहमी गमतीची वाटते. २००३ मध्ये रॉय विल्यम्स लॉरेन्स सोडून तिकडे गेले, हे खरं. पण त्यांना घडवलं डीन स्मिथनी, आणि डीन स्मिथ हे ॲलनच्या १९५२ च्या विजेत्या संघातले राखीव खेळाडू. केंटकीला चार विजेतेपदं देणारा ॲडॉल्फ रप हाही ॲलनच्याच संघात बाकावर बसून शिकलेला. उलट १९८८ मध्ये कॅन्ससला विजेतेपद देणारे लॅरी ब्राउन नॉर्थ कॅरोलायनात खेळलेले. हे गाण्यातल्या घराण्यांसारखं आहे, शिष्य दुसऱ्या गावी गेला म्हणून बंदिश चोरीला गेली म्हणत नाहीत. २००८ च्या उपांत्य फेरीत कॅन्ससने विल्यम्स यांच्याच संघाला ८४–६६ असं धुतलं, आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्याला ते शर्टावर कॅन्सस संघाचं बोधचिन्ह असलेला पक्षी चिकटवून प्रेक्षकांत बसले होते. नॉर्थ कॅरोलायनाचे पाठीराखे भडकले ते वेगळंच.

आता यादवी युद्ध. सीमेवरचा रक्तपात काल्पनिक नाही. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी यावरून १८५० च्या दशकापासून दोन्हीकडच्या टोळ्या एकमेकांची घरं जाळत होत्या, आणि २१ ऑगस्ट १८६३ रोजी गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्समध्ये दीडशेच्या वर पुरुष आणि मुलगे मारले. पण विद्यापीठं लढली? कॅन्सस विद्यापीठ स्थापन झालं १८६५ मध्ये, युद्ध संपता संपता. जे अस्तित्वातच नव्हतं ते लढणार कसं? ‘मिसुरीवाले क्वांट्रिलचे वारस’ हेही आवडीने बोललं जातं. मिसुरीच्या संघाचं ‘टायगर्स’ हे नाव आलं मिसुरी विद्यापीठाच्या कोलंबिया गावातल्या १८६४ च्या गृहरक्षक दलावरून, आणि ते दल उभं राहिलं होतं क्वांट्रिलसारख्याच लुटारू टोळ्यांपासून गाव वाचवायला. दोन्ही संघ बास्केटबॉलमध्ये भिडले ते १९०७ पासून. जुनं रक्त नंतर भाषणांत आणि टी-शर्टांवर आणलं गेलं. मिसुरीचे जुने प्रशिक्षक नॉर्म स्टुअर्ट तर कॅन्ससच्या हद्दीत पेट्रोलसुद्धा भरू देत नसत, अशी आख्यायिका आहे. कॅन्ससच्या तिजोरीत आपला पैसा नको!

राहिली ‘घाबरून पळाली’. ४ फेब्रुवारी २०१२ ला मिसुरीने कॅन्ससला ७४–७१ हरवलं होतं. तीनच आठवड्यांनी लॉरेन्समध्ये १९ गुणांची आघाडी घालवून ती जादा डावात ८७–८६ अशी हरली, हे त्यांना आजही बोचतं. तरी मार्चमध्ये बिग ट्वेल्व्ह स्पर्धा जिंकली मिसुरीनेच. (त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात १५व्या मानांकनाच्या नॉरफोक स्टेटकडून गारद झाली, पण त्यात कॅन्ससचा काय संबंध?) बिग ट्वेल्व्ह सोडली ती पैशांमुळे आणि अस्थिरतेमुळे: नेब्रास्का आणि कोलोराडो आधीच बाहेर पडले होते, टेक्सासने स्वतःची टीव्ही वाहिनी काढली होती. परिषद बदलली तरी सामने ठेवता आले असते. नको म्हणाले ते कॅन्ससचे प्रशिक्षक बिल सेल्फ. २०१७ मध्ये वादळग्रस्तांच्या मदतीसाठी एक प्रदर्शनीय सामना झाला, तेवढाच अपवाद. नियमित सामने सुरू झाले डिसेंबर २०२१ मध्ये, आणि कॅन्ससने १०२–६५ असा फडशा पाडल्यावर ‘बघा, म्हणूनच पळाले होते’ ही पोस्ट पुन्हा वर आली.

८ डिसेंबर २०२४ ला देशात पहिल्या क्रमांकावर असलेलं कॅन्सस कोलंबियात ७६–६७ हरलं. ती पोस्ट त्या दिवशी काही कुणी टाकली नाही.