सुटलेल्यांपैकी परत किती येतात?

'संचित रजेवर (शिक्षा चालू असताना कैद्याला मिळणाऱ्या सुट्टीवर) सुटलेल्याने पुन्हा गुन्हा केला' अशी सांगली-साताऱ्याकडची बातमी गावच्या ग्रुपवर आली की खाली ठरलेलं वाक्य येतं: यांना बाहेर सोडताच कशाला? मी मूळचा विट्याचा, आता इंग्लंडमधल्या लीड्सला राहतो. मला दर वेळी विचारावंसं वाटतं, सुटलेल्या शंभरांतले किती परत आत जातात? आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत असलेल्यांमधले सराईत किती ते मिळतं. सुटलेल्यांचं पुढे काय झालं, ते त्यातून कळत नाही.

इंग्लंडमध्ये न्याय खातं हा आकडा दर तिमाहीला छापतं. सुटल्यापासून वर्षभरात गुन्हा घडला आणि त्या वर्षात किंवा पुढच्या सहा महिन्यांत तो सिद्ध झाला, तरच धरायचा. नुसत्या संशयाला त्यात जागा नाही. २०१३ पासून तिथे 'जस्टिस डेटा लॅब' आहे. कैद्यांना काम शिकवणारी संस्था आपल्या माणसांची यादी खात्याला देते. खातं त्यांची तुलना तशाच, पण ती मदत न मिळालेल्या लोकांशी करतं आणि फक्त एकत्रित निकाल कळवतं. फरक पडल्याचं दिसलं नाही, तर तेही छापतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि आपल्याकडे काय नाही? आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे! औंध संस्थानाने १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून वसवलेली खुली वसाहत. कैदी बायका-मुलांसह राहतात, शेती करतात. एवढ्या वर्षांचा अनुभव, पण आपण त्याचं कौतुक करतो ते आठवणींवर. तुरुंगांचं ई-प्रिझन्स, न्यायालयांचं ई-कोर्ट, पोलिसांचं गुन्हे नोंदवायचं सीसीटीएनएस, सगळं संगणकावर आलंय. संशोधनासाठी ते जोडायला हवं.

अशा जोडलेल्या माहितीतून कुणावर कायमचा शिक्का बसेल, ही भीती मात्र खरी आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये गेला, पण पारधी, कैकाडी वस्त्यांवरचा शिक्का पुसला गेला नाही. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं.

म्हणून संशोधकाला नाव नको, फक्त क्रमांक द्या. सुरुवात स्वतंत्रपूर, सातारा आणि सांगलीतून सुटलेल्यांपासून करा, तीन वर्षं मागोवा घ्या. आणि ही जोडलेली माहिती पोलीस ठाण्याला बघता येणार नाही, हे कायद्यात लिहा. ते कलम नसेल, तर या मागणीवर मी सही करणार नाही.